सोबतीचं माणूस

जर्मनीच्या दवाखान्याचं पत्र आलं तेव्हा घरात पेढे वाटले गेले, आणि आठवडा जायच्या आत त्याच पत्रावरून घरात कुणी कुणाशी धड बोलेना.

तसं पत्रात वाकडं काहीच नव्हतं. नंदूचे एक्स-रे त्यांनी पाहिले होते आणि पोरीला घेऊन या म्हणाले होते. नंदूचं डाव्या नडगीचं हाड जन्मापासून जुळत नव्हतं. पुण्यात तीनदा चिरून झालं, तीनदा सळई घालून झाली, आणि तिन्ही वेळा हाड आपल्या मूळ स्वभावावर गेलं. शेवटी पुण्याच्याच डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की एक तर ह्या माणसाला दाखवा, नाहीतर गुडघ्याखालून काढायची तयारी ठेवा. तिकडे पायाला बाहेरून लोखंडी कडी बसवून हाड दिवसादिवसानं जुळवत न्यायचं होतं. त्याला वर्ष लागलं असतं, म्हणून लांब मुक्कामाचा व्हिसा. आणि पत्राच्या तळाशी होतं, की मुलीसोबत एकच माणूस राहू शकेल, शक्यतो आई.

आता राहू गावातल्या त्या घरात नंदूची आई कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फक्त कागदाला वेगळं ठाऊक होतं.

नंदू मोनालीच्या पोटची. मोनाली म्हणजे धाकटी सून, रविराजची बायको. थोरल्या मच्छिंद्रची बायको सुलक्षणा. तिला मूल झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले, लोकांनी फुकटचे सल्ले दिले ते वेगळेच. नंदू जन्मली तेव्हा सासू दगडाबाईनं बारशाच्या दिवशी, भरल्या घरात, बाळ उचललं आणि थोरलीच्या ओटीत घातलं. बायकांनी हळदकुंकू लावलं, दोघीचौघींनी डोळे पुसले, पंगती उठल्या. घरातल्या घरात कसला आलाय कागद, असं तेव्हा सगळ्यांचंच म्हणणं पडलं. जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव मोनाली लागलं होतं ते तसंच राहिलं, आणि पुढे शाळेत, आधारला, पासपोर्टला तेच चढत गेलं. घरात सुलक्षणा आई आणि मोनाली काकी. मच्छिंद्र आप्पा, रविराज नाना. ह्यात दहा वर्षं कुणाचं अडलं नाही, किंवा अडलं असेल तर कुणी बोललं नाही.

पोरगी रांगायला लागली आणि पाय वाकडा निघाला, तेव्हा सुलक्षणाला एकीनं सुचवलंही होतं, की अजून काही बिघडलं नाही, ज्यांचं त्यांना परत देऊन टाक. त्या बाईशी सुलक्षणा आजतागायत बोललेली नाही.

रविवारी सकाळी शंभू शिरूरहून आला. सुलक्षणाचा हा धाकटा भाऊ रांजणगावच्या एका कारखान्यात होता आणि कंपनीकडून दोनदा महिना-महिना जर्मनीला जाऊन आला होता. तेवढ्यावर घरच्यांनी त्या देशाचं सगळं खातं त्याच्याकडे सोपवलं होतं. तिथली थंडी, तिथले डॉक्टर, तिथं पोरीला भाकरी मिळेल का, सगळं शंभूलाच विचारायचं. तोही बिचारा ठोकून द्यायचा. आज मात्र तो जपून बोलत होता.

"दोन रस्ते हायेत, दाजी," तो मच्छिंद्रला म्हणाला. "एक, मोनालीवहिनींनी जायचं. कागदावर आई त्याच, सरळ काम. दुसरा, दत्तकाचं रीतसर करून घ्यायचं. दत्तकपत्र रजिस्टर करायचं, मग दाखला बदलायचा, पासपोर्ट बदलायचा. मग आक्का आई म्हणून जाईल. दवाखान्याला तारीख तेवढी पुढं ढकलायला सांगावं लागेल."

"मी चुलती म्हणून जाते की," सुलक्षणा म्हणाली. "आई-बापाचं संमतीपत्र घेऊन."

"अर्ज करता येतो, आक्का. पण व्हिसाचा साहेब इचारणार, आई धडधाकट घरात बसलीय, मग वर्षभर चुलती का? त्याला काय, बारशाची गोष्ट सांगायची?"



"दत्तकपत्रच करून टाकू," रविराज म्हणाला. "मी आत्ता सही करतो. न्हाईतरी पोरगी दादा-वहिनीचीच हाय." सही करायला रविराज नेहमीच एका पायावर तयार असायचा. सोसायटीत त्याला त्याच गुणामुळे तीनदा निवडून दिलं होतं.

"मी करणार न्हाई सही."

मोनाली चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली, एकेक कप ज्याच्या त्याच्या पुढ्यात ठेवला, सासूच्या कपात साखर कमी आहे हेही सांगितलं. मग शंभूकडे वळून म्हणाली, "भाऊ, दत्तकाला आईची सही लागती ना?"

"लागते, वहिनी."

"मग मी न्हाई करणार."

मच्छिंद्र सकाळीच गुऱ्हाळावरून आला होता. त्याच्या हाताला अजून काकवीचा चिकटा होता. एवढ्या वर्षांत धाकट्या भावजयीनं ह्या बैठकीत 'नाही' म्हटलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. त्याच्या मनात पहिल्यांदा आलं, की हिला जमिनीतलं काही हवं असेल. आणि ते मनात आल्याबरोबर त्याला स्वतःचीच इतकी शरम वाटली, की तो चहा न फुंकताच प्यायला.

"दिलेलं परत मागतीस व्हय गं?" दगडाबाई म्हणाली. म्हातारीला कमी ऐकू येतं असं घरात समजत. पण ऐकायचं ते ती बरोबर ऐकायची.

"मी दिलं कवा, आत्याबाई?"

"म्हंजी?"

"तुम्ही दिलं. मला ताप होता. मी आतल्या खोलीत खाटंवर, आन् बाहेर बारसं. पाळण्याची गाणी ऐकू येत हुती मला. मग गाणी थांबली आन् सगळ्या बाया एकदम बोलाया लागल्या. मला वाटलं, नाव ठेवलं वाटतं." ती पदराशी चाळा करत नव्हती की रडत नव्हती. बाजारातला भाव सांगावा तशी सांगत होती. "मला कुणी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर मी दिली पण असती. दिली असती का नसती ते मला आता सांगता यायचं न्हाई. पण इचारलं न्हाई, एवढं खरं."

"ए, आत चल. आत बोलू," रविराज उठला.

"रवी, बस खाली," मच्छिंद्र म्हणाला. "हितंच बोलू दे तिला."

रविराज बसला. दादाचा हा आवाज त्यानं बाप गेल्यापासून ऐकला नव्हता.

सुलक्षणाच्या हातातला कप तसाच होता. मोनालीनं दिलं, मोठ्या मनानं दिलं, असं ती दहा वर्षं धरून चालली होती. दर दिवाळीला स्वतःच्या आधी हिला साडी घेत आली होती. निमोण्याला माहेरी गेली की आईपाशी हिचं नाव काढून डोळ्यांतून पाणी काढत आली होती. आणि आता कळत होतं, की आपण जिला देणारी समजत होतो तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिला राग आला.

"मग इतकी वर्सं बोलली न्हाईस ती?"

"बोलून काय झालं असतं, ताई? पोरगी तुमच्याच अंगावर झोपत हुती."

"आन् आता घेऊन निघालीस. तिची नडगी कुठून धरायची ठाव हाय का तुला? रात्रीत कुशीवर वळली तर कसं सरळ करायचं? कुठलं औषध कशाबरोबर दिलं की ओकती?"

"न्हाई ठाव," मोनाली म्हणाली. "तुम्ही कवा हात लावू दिला?"

ते खरं होतं. सुरुवातीला भीतीपोटी आणि पुढे सवयीनं, पोरगी मोनालीच्या मांडीवर गेली की सुलक्षणाला काहीतरी काम आठवायचं आणि ती पोरीला उचलून न्यायची. तिला वाटायचं हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

"मग जाऊ दे तिलाच," दगडाबाई फणकाऱ्यानं म्हणाली. "जिची तिनं न्यावी. मी आपली वाईट." घटकाभरापूर्वी हीच म्हातारी थोरलीच्या बाजूनं बोलत होती. पण आपल्या बारशातली खोट चारचौघांत निघाली म्हटल्यावर तिनं बाजूच सोडली.

ह्या सगळ्यात नंदू कधी आली ते कुणाला कळलं नाही. ती कुबडी दाराला टेकवून उंबऱ्यावर बसली होती. घरातलं सगळं तिला माहीत होतं. अशा घरातल्या पोरांना ते कुणी सांगत नाही आणि तरी माहीत असतं. तिनं दोघींपैकी कुणाकडे बघितलं नाही. तिनं शंभूला विचारलं, "मामा, तारीख पुढं ढकलली तर तोपर्यंत माझा पाय थांबतो का?"

शंभूनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुण्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिला ठाऊक होतं. हाड आणखी वाकलं की मग जर्मनीतला माणूसही हात लावणार नव्हता.

"न्हाई थांबत, बाळा."

मग सुलक्षणानं कप खाली ठेवला.

"मोनाली जाईल," ती म्हणाली, आणि उठून मागच्या अंगणात गेली.

मच्छिंद्र तिच्यामागे गेला. ती धुतलेले कपडे पुन्हा पिळत होती. त्यानं चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती चादर पिळली, झटकली, दोरीवर टाकली. तो अजून उभाच राहिला तेव्हा ती म्हणाली, "जावा तुम्ही गुऱ्हाळावर. गूळ करपंल." तरी तो गेला नाही.

अर्ज भरला, पुण्याच्या व्हिसा ऑफिसची तारीख मिळाली. तेव्हा शंभूनं फोनवर आणखी एक काढलं. तिथं पोरीलाही समोर उभं करतात. लहान मूल परदेशी न्यायचं म्हणजे विचारू शकतात, ही कोण, तुझ्याबरोबर कोण येतंय. तयारी असू द्या.

तयारी रविराजनं अंगावर घेतली. त्यानं खुर्ची टाकली, साहेब झाला आणि मोनालीकडे बोट करून म्हणाला, "ही कोण?"

"काकी," नंदू म्हणाली.

"अगं, आई म्हण."

"आई… म्हणजे काकी."

"तिथं असं म्हणलीस तर घेतील का आपल्याला? पोर पळवून निघालेत म्हणतील."

नंदूनं पुन्हा म्हणून पाहिलं. आई म्हटलं, की तिची मान आपोआप स्वयंपाकघराकडे वळायची. दोन संध्याकाळी असं चाललं. रविराज ओरडला, नंदू रडली, मोनाली उठून गोठ्यात गेली. तिसऱ्या दिवशी सुलक्षणा पदराला हात पुसत बाहेर आली आणि दिराला म्हणाली, "तुम्ही ऱ्हाऊ द्या, भावजी. मी शिकवते."

शिकवणं सुलक्षणाला येत होतं. पाढे तिनंच शिकवले होते. तिनं नंदूला समोर बसवलं आणि सांगितलं, की नुसतं साहेबापुढं म्हणून भागणार नाही. जिभेला वळण लागलं पाहिजे. आजपासून घरात, शाळेत, जेवताना, झोपताना, मोनालीला आई म्हणायचं.

"आणि तुला?"

"मला काकी."

नंदूला आधी हसू आलं. मग तिनं सुलक्षणाच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू आवरलं. "किती दिवस?"

"तुझा पाय बरा व्हायचा हाय ना? मग दिवस मोजायचे न्हाईत."

गंमत बघा, पोरीला शिकवत होते ते शंभर टक्के खरं होतं. सरकारी शिक्का असलेलं खरं. आणि तरी सगळं घर चोरी केल्यासारखं हळू आवाजात बोलत होतं. घरच्या नात्यानं चुलतभाऊ असलेल्या मोनालीच्या मुलाला, स्वराजला, तर दम दिला होता, की हे बाहेर कुणाला सांगशील तर बघ. त्या पोरालाही कळेना, की नंदूची आई माझीच आई हे सगळ्यांना माहीत असताना सांगायचं नाही ते नेमकं काय.

पहिल्यांदा नंदूनं मोनालीला नीट हाक मारली ती ताटावर बसून. "आई, लोणचं." मोनालीनं "हं" म्हटलं ते कुणाला ऐकूच गेलं नाही. नंदूला वाटलं आपण चुकलो. तिनं पुन्हा हाक मारली. मग मोनालीनं बरणी आणली आणि वाढताना खार भातावर सांडला. सुलक्षणा पोळी लाटत होती. ती लाटतच राहिली.

दुपारी मात्र दोघी एकत्र बसायच्या, कारण मोनालीला पाय शिकायचा होता. कॉटवर नंदू आडवी आणि दोन बाजूंना दोघी. सुलक्षणा मोनालीचा हात धरून नडगीखाली न्यायची. "हितं न्हाई. खाली. हां, आता सगळा भार तळहातावर घे, बोटं लावू नको." कातडीवर टाक्यांचे व्रण होते. ते मोनालीनं दहा वर्षांत लांबूनच पाहिले होते, आणि आता बोटांखाली एकेक लागत होता. तिला इतका आनंद झाला, की त्याची तिला लाज वाटली. समोर जाऊबाई मान खाली घालून पट्टी सोडवत होती.

"ताई," ती म्हणाली. "मी परत आणीन तिला."

"आणशीलच की. तिथं ठेवून येतीस का काय?"

"तसं न्हाई म्हणत मी."

"कळलं मला काय म्हणतीस." सुलक्षणानं पट्टीचं टोक तिच्या हातात दिलं. "आधी हे बांध. मोकळं बांध, नंतर सुजतो."

पुण्याच्या तारखेला सगळे पहाटेच आवरून बसले. जायचं फक्त नंदू आणि मोनालीला होतं. पण मच्छिंद्र गाडी चालवणार, शंभू वाघोलीला येऊन मिळणार, आणि सुलक्षणा काय म्हणून, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. ती डबा घेऊन मागच्या सीटवर बसली. व्हिसाच्या ऑफिसात अर्जदारांशिवाय कुणाला सोडत नव्हते. मोनाली नंदूला घेऊन आत गेली, शंभू ओळखीच्या कुणाला तरी फोन लावत फिरत बसला, आणि नवरा-बायको समोरच्या रसवंतीच्या बाकावर टेकली. मच्छिंद्रनं रस घेतला नाही. दुसऱ्याच्या उसाचा रस त्याला कधीच आवडला नव्हता.

मराठीत बोलता येईल ना, एवढीच आत मोनालीला धास्ती. काउंटरवरची मुलगी मराठीच होती. तिनं दाखला पाहिला, पत्र पाहिलं, पासपोर्ट पाहिले.

"आई तुम्हीच?"

"हो," मोनाली म्हणाली. हे उत्तर सोपं जाईल असं तिला वाटलं नव्हतं. ते सोपं गेलं, म्हणून ती जरा घाबरली.

बोटांचे ठसे झाले, फोटो झाला. मुलीनं शिक्का मारून पावती पुढे सरकवली. नंदूला कुणी काही विचारलंच नाही. ती कुबडीवर ताठ उभी होती, साहेब कुठून येतो ते बघत. आता निघायचं म्हटल्यावर तिला राहवेना.

"ही माझी आई आहे," ती काउंटरवर मान उंच करून म्हणाली.

"हो का? छान," ती मुलगी म्हणाली आणि तिनं पुढच्या माणसाला हात केला.

परतताना शंभूनं वाघोलीकडची बस धरली. गाडीत चौघंच उरले. हडपसरची गर्दी मागे पडली, उरुळी गेली, आणि मच्छिंद्रनं कित्येक दिवसांनी रेडिओ लावला. मागे मध्ये नंदू, एका बाजूला मोनाली, एका बाजूला सुलक्षणा. सुलक्षणानं डबा उघडून दशम्या काढल्या. आज तिला भूक लागली होती. जे व्हायचं ते नीट पार पडलं होतं, पोरीचा पाय वाचायची आशा होती, आणि ते सोंगही आता संपलं होतं. ती मनातल्या मनात सकाळपासून ह्या वेळेची वाट बघत होती.

"काकी, मला गुळाची दे," नंदू म्हणाली.

मोनालीनं सवयीनं मान वळवली, आणि मग तिच्या लक्षात आलं, की हाक तिला नाही.

सुलक्षणानं दशमी पोरीच्या हातात दिली. "आता झालं की गं सगळं," ती हसून म्हणाली. "आता आई म्हण."

नंदूनं घास गिळला. "झालं कुठं? मामा म्हणाला, पासपोर्ट परत येईपर्यंत पुन्हा बोलावू शकतात. आणि विमानतळावर पण विचारतात, तिकडं उतरल्यावर पण विचारतात. आज त्यांनी काही विचारलंच नाही, मी एवढं पाठ केलं होतं." ती सुलक्षणाच्या दंडाला टेकली. "मी मध्येच चुकले आणि त्यांनी परत पाठवलं तर? तूच शिकवलंयस ना, मग तू का चुकवतेस? मी नाही चुकणार. तू काळजी नको करू."

मच्छिंद्रनं रेडिओ बंद केला. मोनाली खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. सुलक्षणाला म्हणायचं होतं, की बाई, गाडीत कुणी परकं नाही, एकदा म्हण, एकदाच. पण पोरगी बरोबर बोलत होती. तिच्या पायासाठी बोलत होती, आणि शिकवलेलं सगळं ती नीट शिकली होती.

"काकी, ऐकतेस ना?"

"ओ," सुलक्षणा म्हणाली.